काळ्या ठोकळ्यातला आवाज : स्टुडिओतला ऑप-ॲम्प स्वस्त कसा झाला

#थ्रेड

जेमतेम तीन सेंटिमीटर बाजूचा एक काळा ठोकळा. वर क्रमांक, खाली काही पिना, आणि आत काय आहे ते दिसू नये अशा बेताने ओतलेले इपॉक्सी. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर हा ठोकळा तयार झाला आणि पुढच्या अर्धशतकात असंख्य ध्वनिमुद्रणे त्याच्यातून गेली. त्याचा क्रमांक २५२०. आजच्या थ्रेडचा विषय हा ठोकळा, त्याचे पूर्वज आणि त्याची स्वस्त भावंडे.

विषय सुचला तो एका वादातून. पुण्यात माझ्या एका मित्राचा घरगुती स्टुडिओ आहे. अभिवाचने, भावगीते, कधी एखाद्या एकांकिकेचे संगीत, असे काम तो करतो. माइकच्या प्रीॲम्पसाठी तो सुट्या ट्रान्झिस्टरांची महाग मॉड्यूल मागवायला निघाला होता. आठ मॉड्यूल म्हणजे त्याची वर्षभराची शिल्लक. कारण विचारले, तर म्हणाला, "खरा आवाज डिस्क्रीटचा. चिप म्हणजे खेळणे रे."

मी अभियंता नाही. परंतु 'पूर्वी सगळे अस्सल होते, मग स्वस्ताई आली आणि ऱ्हास झाला' या धाटणीचे कथानक दिसले की इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध व्हावे, एवढे शिक्षण मला मिळालेले आहे. म्हणून जुने लेख, पेटंटे आणि डेटाशीट वाचायला घेतली. त्यांतून जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रथम नावाविषयी. 'ऑपरेशनल ॲम्प्लिफायर' यातला 'ऑपरेशनल' हा शब्द गणितातल्या क्रियांचा आहे. बेरीज, वजाबाकी, संकलन या त्या क्रिया. १९४७ साली जॉन रागाझिनी आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधात हे नाव रूढ झाले. वस्तू मात्र नावापेक्षा जुनी आहे. बेल लॅब्जच्या कार्ल स्वार्टझेल यांनी १९४१ मध्ये 'समिंग ॲम्प्लिफायर' म्हणून तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. विमानवेधी तोफांचा नेम गणिताने ठरवणाऱ्या एम-९ या यंत्रात असे ॲम्प्लिफायर बसवले गेले. १९४४ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर जर्मनांचे व्ही-१ बॉम्ब पाडताना रडार, नवे फ्यूज आणि हे यंत्र असे त्रिकूट एकत्र काम करत होते.

त्याच्याही मागे एक कल्पना आहे, तीही बेल लॅब्जचीच. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हॅरल्ड ब्लॅक हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून कामावर चालले होते. ॲम्प्लिफायर आवाज मोठा करतो, पण करताना बिघडवतो. हा बिघाड कसा काढावा, या प्रश्नाने ते काही वर्षे पछाडलेले होते. बोटीत त्यांना सुचले की बाहेर पडलेल्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून आत परत द्यावा. मग ॲम्प्लिफायर स्वतःची चूक स्वतःच वजा करील. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. आकृती त्यांनी हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच काढली. पेटंट मिळायला १९३७ उजाडले, इतकी ती कल्पना लोकांना उफराटी वाटली होती.

ऑप-ॲम्प म्हणजे याच कल्पनेचे टोक. आतला ॲम्प्लिफायर प्रचंड ताकदीचा, हजारो-लाखो पट वाढवणारा ठेवायचा आणि ती ताकद बहुतेक सारी फीडबॅकमध्ये खर्च करायची. मग प्रत्यक्ष किती पट वाढ हवी ते बाहेर जोडलेल्या दोन रोधकांच्या गुणोत्तरावर ठरते. आत कोणता व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टर आहे, याला फारसे महत्त्व उरत नाही. 'फारसे' हा शब्द लक्षात असू द्यावा. पुढचा सगळा तंटा त्या एका शब्दात आहे.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनच्या जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीने के२-डब्ल्यू नावाचा ऑप-ॲम्प विकायला काढला. काळे कवच, आत दोन १२एएक्स७ व्हॉल्व्ह, वर-खाली तीनशे-तीनशे व्होल्टांचा पुरवठा, आणि तळाला आठ पिनांचा सॉकेट. म्हणजे ऑप-ॲम्प ही 'उचला, खोचा, चालवा' अशी तयार वस्तू झाली. बिघडला तर काढून दुसरा बसवायचा. काळ्या ठोकळ्याची परंपरा सुरू होते ती इथून.

आता स्टुडिओत येऊ. एकेक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर घेण्याची पद्धत १९६० च्या दशकात वाढत गेली. चारांचे आठ, आठांचे सोळा ट्रॅक झाले. मिक्सिंग कन्सोलचे मूळ काम काय? सोळा सिग्नल घेऊन त्यांची बेरीज करणे. तीही अशी, की एका वाहिनीचा आवाज कमी-जास्त केल्याने दुसरीवर परिणाम होऊ नये. स्वार्टझेलचा समिंग ॲम्प्लिफायर नेमके हेच करत होता. तोफेच्या आकड्यांऐवजी आता ड्रम आणि व्हायोलिन. युद्धाच्या यंत्रातला हा भाग संगीतात इतका चपखल बसला, याचे मला अजूनही नवल वाटते.

मात्र स्टुडिओची मागणी कठोर होती. टेलिफोनच्या काळापासून चालत आलेल्या रिवाजानुसार व्यावसायिक उपकरणे ६०० ओहमच्या भाराला सिग्नल देत. अधिक २० डेसिबलची पातळी, म्हणजे ७.७५ व्होल्ट आरएमएस, शिखर सुमारे ११ व्होल्ट. ६०० ओहममध्ये हे शिखर गाठायचे तर सुमारे १८ मिलिॲम्पिअर प्रवाह लागतो. अधिक २४ डेसिबल म्हटले की शिखर १७ व्होल्टांच्या पुढे जाते आणि प्रवाह २९ मिलिॲम्पिअर. आणि हे सारे २० किलोहर्ट्झपर्यंत, खरखर न होता.

याच सुमारास सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर संपूर्ण ऑप-ॲम्प कोरण्याची विद्या अवतरली. फेअरचाइल्ड कंपनीत बॉब विडलर यांनी १९६५ मध्ये ७०९ ही चिप घडवली. बाजारात आली तेव्हा तिची किंमत दहा-दहा डॉलरांच्या पटीत होती. काही वर्षांत ती मोजक्या डॉलरांवर आली. १९६८ मध्ये त्याच कंपनीत डेव्ह फुलागर यांनी ७४१ आणली. तिच्यात ३० पिकोफॅरडचा एक इवला कपॅसिटर चिपवरच होता, त्यामुळे ती सहसा बिथरत नसे. अभियांत्रिकीला गेलेल्या प्रत्येकाने प्रयोगशाळेत हाताळलेली ती आठ पायांची चिप, तीच ही.

मग स्टुडिओंनी ७४१ का घेतली नाही? येथे 'स्लू रेट' नावाची गोष्ट समजून घ्यावी लागते. बाहेरचा व्होल्टेज जास्तीत जास्त किती वेगाने चढू-उतरू शकतो, त्याची ही मर्यादा. ७४१ साठी ती दर मायक्रोसेकंदाला अर्धा व्होल्ट. ११ व्होल्ट शिखराचा २० किलोहर्ट्झचा सूर काढायला जवळजवळ १.४ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद लागतात. हिशेब उलटा केला तर कळते की पूर्ण पातळीवर ७४१ साधारण सात किलोहर्ट्झपर्यंतच पोचते. त्यापुढे गोलसर लाटेचा त्रिकोण होऊ लागतो. झांजेचा खणखणाट अशा चिपमधून काढणे म्हणजे द्रुत तान घ्यायची आणि दम मध्येच संपायचा.

दोष विडलर वा फुलागर यांचा नव्हे. त्या काळच्या प्रक्रियेत सिलिकॉनवर एनपीएन जातीचे ट्रान्झिस्टर उत्तम बनत, त्यांचे जोडीदार पीएनपी मात्र आडवे घालावे लागत आणि ते सुस्त असत. शिवाय सारे काही एका कणीवर असल्यामुळे मोठा प्रवाह दिला की ती कणी तापे आणि नाजूक भागाचा तोल ढळे. सुटे ट्रान्झिस्टर वापरणाऱ्याला ही बंधने नव्हती. उत्तम एनपीएन एका कारखान्याचा, उत्तम पीएनपी दुसऱ्याचा, आउटपुटला जाडजूड जोडी. निवड त्याच्या हाती होती.

म्हणून ठोकळे आले. मेलकोर नावाच्या कंपनीचा १७३१ हा त्यांतला एक आरंभीचा ठोकळा. मग सॉल वॉकर आणि लू लिंडाउअर यांच्या ऑटोमेटेड प्रोसेसेस कंपनीचा, म्हणजे एपीआयचा, २५२०. त्यांचे माइक-प्रीॲम्प, इक्वलायझर, बेरजेचे टप्पे, सगळीकडे एकच ठोकळा. कन्सोल बनवणाऱ्याला सुटसुटीत, दुरुस्ती करणाऱ्यालाही सुटसुटीत.

इपॉक्सी ओतण्याची तांत्रिक कारणे खरी होती. आतले ट्रान्झिस्टर एकाच तापमानाला राहतात, सुटे भाग हादऱ्याने हलत नाहीत, दमट हवा शिरत नाही. पण त्यासोबत गुपितही राहते, हे कोणी नाकारणार नाही. माझ्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा. पेटंट आणि इपॉक्सी, दोन्ही ज्ञानाचे रक्षण करतात, पण उलट्या रीतीने. पेटंट घेणाऱ्याला आपली युक्ती जगासमोर लिहून द्यावी लागते आणि मुदत संपली की ती सर्वांची होते. इपॉक्सीला मुदत नसते. पुढे हौशी लोकांनी गरम हवेने इपॉक्सी भुसभुशीत करून, टोकदार हत्यारांनी एकेक भाग मोकळा करून असे ठोकळे वाचले. अक्षरशः उत्खनन!

आता 'हायब्रिड' या शब्दाकडे वळतो, कारण त्याचे दोन अर्थ आहेत आणि चर्चेत ते सर्रास एकमेकांत मिसळले जातात.

पहिला अर्थ कारखान्याचा. सिरॅमिकची पातळ चकती घ्यायची. तिच्यावर कापडावर छपाई करावी तशी वाहक आणि रोधक पेस्ट छापायची आणि भट्टीत भाजायची. मग ट्रान्झिस्टरच्या उघड्या कण्या चिकटवून केसाहून बारीक तारांनी जोडायच्या. हवे तर लेझरने रोधक किंचित कापून अचूक करायचे. आयबीएमने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० संगणकात अर्ध्या इंचाच्या अशाच चकत्या हारीने बसवलेल्या होत्या. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या क्रमांकांत हा भेद सरळ दिसतो. 'एलएम' म्हणजे लिनिअर मोनोलिथिक, सगळे एका कणीवर. 'एलएच' म्हणजे लिनिअर हायब्रिड, अनेक कण्या एका चकतीवर.

चिपचा आटोपशीरपणा आणि सुट्या भागांची निवड, दोन्ही यात साधतात. मग कन्सोलवाल्यांनी सरसकट हायब्रिड का वापरले नाहीत? उत्तर पैशांत आहे. छपाईचे साचे, भट्टी, तारजोडणीचे यंत्र हा खर्च आधी करावा लागतो आणि तो वसूल व्हायला नग हजारोंनी खपावे लागतात. सैन्य आणि अवकाश संशोधन महाग नग घेऊ शकत होते. घरगुती उपकरणांचे कारखाने लाखोंनी घेऊ शकत होते. स्टुडिओचा कन्सोल या दोहोंच्या मध्ये सापडला.

लाखोंच्या बाजूचे उदाहरण आपल्या घराघरांत होते. जपानच्या सान्यो कंपनीने सिरॅमिकऐवजी ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर हायब्रिड बांधून स्टिरिओसाठी पॉवर ॲम्प्लिफायर विकले. हेच ते एसटीके. टेपडेक-म्युझिक सिस्टिमच्या काळात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या रेडिओ दुरुस्तीच्या टपरीपर्यंत हा शब्द कोणालाही समजावून सांगावा लागत नसे. आपण हायब्रिड ऐकतो आहोत, हे ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक होते, हा प्रश्न वेगळा.

दुसरा अर्थ कामाच्या टेबलावरचा. बाजारात मिळणारी स्वस्त चिप घ्यायची आणि तिला जे जमत नाही तेवढेच सुट्या ट्रान्झिस्टरांकडून करून घ्यायचे. भट्टी नको, साचा नको. सोल्डरगन आणि डोके पुरे. स्वस्त व्यावसायिक आवाजाचा इतिहास मुख्यतः या दुसऱ्या अर्थाच्या हायब्रिडचा आहे, असे माझे मत बनले आहे.

त्याची पायाभरणी १९७० च्या दशकात झाली. त्या दशकाच्या आरंभी, म्हणजे १९७० मध्येच, फिनलंडचे मॅटी ओटाला यांनी वेगवान बदलांच्या वेळी फीडबॅकच्या ॲम्प्लिफायरमध्ये होणाऱ्या विकृतीवर लिहिले आणि वादळ उठले. स्थिर सुरावर मोजताना जो ॲम्प्लिफायर निर्दोष दिसतो तो संगीतात चुकू शकतो, हा त्यातला बोचरा मुद्दा होता. १९७४ मध्ये वॉल्ट युंग यांचे 'आयसी ऑप-ॲम्प कुकबुक' निघाले. १९७७ च्या सुमारास त्यांनी मार्क स्टीफन्स आणि क्रेग टॉड यांच्यासह स्लू रेटमुळे होणाऱ्या विकृतीची पद्धतशीर मांडणी केली. 'दि ऑडिओ ॲमॅच्युअर'सारख्या हौशी लोकांच्या नियतकालिकातही ही चर्चा चालली, हे मला विशेष वाटते. 'चिप वाईट' या गुळमुळीत तक्रारीचे 'अमुक चिप अमुक वेगाला कमी पडते' असे मोजता येणारे विधान झाले. आणि नेमके काय कमी आहे ते कळले की भर कोठे घालायची तेही कळते.

भर घालायच्या जागा मुख्यतः दोन. पहिली मागच्या बाजूला. चिपच्या आउटपुटला एनपीएन-पीएनपी ट्रान्झिस्टरांची जोडी लावायची, त्यांतून काही मिलिॲम्पिअर प्रवाह सतत वाहता ठेवायचा आणि फीडबॅक चिपच्या पायावरून न घेता या जोडीच्या पुढून घ्यायचा. मग ६०० ओहमचा भार जोडी उचलते; तिने केलेला बिघाड चिप सुधारते. उष्णता कणीच्या बाहेर राहते. येथे ब्लॅकची फेरीबोटीतली आकृती जशीच्या तशी कामाला येते.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. ही जोडी चिपपेक्षा बरीच वेगवान हवी. तिने उशीर केला, तर उलटे होऊन परतणारे फीडबॅक वेळ चुकून सुलटे पोचते आणि ॲम्प्लिफायर स्वतःच कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर गाऊ लागतो.

दुसरी जागा पुढची. माइकचा सिग्नल इतका क्षीण असतो की पहिल्या ट्रान्झिस्टरची स्वतःची खरखरच ठरवते की शांततेत काय ऐकू येईल. म्हणून चिपच्या पुढे कमी खरखरीच्या सुट्या ट्रान्झिस्टरांची जोडी बसवायची आणि तिलाही फीडबॅकच्या कवेत घ्यायचे. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ऑडिओ अभियंत्यांच्या अधिवेशनात ग्रॅम कोहेन यांनी अशा एका रचनेचा निबंध वाचला. इनपुटला दोन ट्रान्झिस्टर, प्रत्येकाला सांभाळणारा एक ऑप-ॲम्प. ट्रान्सफॉर्मरविना चालणाऱ्या स्वस्त मिक्सरांतले माइक-प्रीॲम्प पुढे बहुतांशी याच कुळातले निघाले. तुमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात धूळ खात पडलेला मिक्सर उघडला, तर बहुधा हाच हायब्रिड सापडेल.

दरम्यान चिपही थांबली नव्हती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात फिलिप्स-सिग्नेटिक्सकडून ५५३४ आली. स्लू रेट १३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, म्हणजे ७४१ च्या सव्वीसपट. ६०० ओहमचा भार ती स्वबळावर उचलते. खरखर सुमारे चार नॅनोव्होल्ट प्रति मूळ हर्ट्झ. एक किलोओहमचा रोधक नुसता टेबलावर पडून जेवढी खरखर करतो तेवढीच. किंमत वर्षागणिक उतरत गेली. एसएसएलच्या ४००० मालिकेतले कन्सोल या चिपांनी भरलेले आहेत आणि १९८० च्या दशकातली कित्येक गाजलेली गाणी तशा कन्सोलवर मिसळली गेली. 'चिप म्हणजे खेळणे' म्हणणाऱ्या माझ्या मित्राच्या आवडत्या यादीतही अशी गाणी निघाली. तो काही काळ गप्प झाला. हे मला दुर्मीळ यश वाटले.

आता या कथेतला माझा आवडता माणूस. कॅलिफोर्नियातले डीन जेन्सन ट्रान्सफॉर्मर बनवत, आणि सर्किटचे गणित संगणकाकडून करून घेण्यासाठी त्यांनी स्वतःच प्रणाली लिहिली होती. १९८० च्या जानेवारी-फेब्रुवारीत ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी जेई-९९० हा सुट्या भागांचा ऑप-ॲम्प प्रसिद्ध केला, संपूर्ण सर्किटसह. २५२० सारखाच ठोकळा, पण आतला नकाशा छापून जगाला दिलेला.

त्यातली एक युक्ती सांगण्याजोगी आहे. इनपुटच्या ट्रान्झिस्टरांना स्थिर ठेवण्यासाठी त्यांच्या एमिटरला रोधक घालतात, पण रोधक आला की त्याची खरखर आली. जेन्सन यांनी तेथे छोटी वेटोळी बसवली. ऐकू येणाऱ्या वारंवारतांना वेटोळे म्हणजे जवळजवळ नुसती तार, म्हणून खरखर नाही. अतिउच्च वारंवारतांना मात्र ते अडवते, म्हणून स्थैर्य टिकते. या युक्तीचे त्यांनी पेटंटही घेतले. म्हणजे हा काही निव्वळ दानधर्म नव्हता. परंतु लिहून ठेवले होते. वाचता येत होते, तपासता येत होते. इलिनॉयच्या जॉन हार्डी यांनी ९९० ठोकळे आणि त्यांवर आधारलेले प्रीॲम्प अनेक वर्षे बनवले. १९८९ मध्ये जेन्सन गेले, तरी ९९० थांबला नाही.

खरखर किती? सुमारे १.१ नॅनोव्होल्ट, म्हणजे सत्त्याहत्तर ओहमच्या रोधकाएवढी. ५५३४ शी ताडून पाहावे. हा फरक खरा आहे आणि मित्राच्या म्हणण्यातला तेवढा भाग मी मान्य केला.

पण मौज अशी, की ९९० च्या इनपुटला जो एलएम३९४ बसतो तो सुटा ट्रान्झिस्टर नव्हेच. एका कणीवर अनेक छोटे ट्रान्झिस्टर आलटून-पालटून पेरून, दोन गटांत जोडून घडवलेली ती अतिशय समतोल जोडी आहे. क्रमांकाची सुरुवात पुन्हा पाहा : एलएम, लिनिअर मोनोलिथिक. ज्याला 'डिस्क्रीट'चा आदर्श मानतात त्याच्या उंबरठ्यावर एक चिप बसलेली आहे. अस्सल आणि भेसळ अशी विभागणी करणाऱ्यांनी येथे काय करावे, मला कळत नाही. पुढे उत्पादकाने एलएम३९४ बंद केला आणि ९९० बांधणाऱ्यांना पर्यायी जोड्या शोधाव्या लागल्या. सर्किट छापील होते म्हणूनच तो शोध शक्य झाला. कोणता भाग काय काम करतो हे ठाऊक होते.

दरम्यान २५२० चा आकार आणि पिनांची जागा हा एक अलिखित प्रमाण-साचा होऊन बसला. नव्या बनवणाऱ्यांनी आपापले ठोकळे त्याच पिनांवर बेतले. त्यामुळे खोचायच्या जागेला आत पूर्ण डिस्क्रीट आहे की चिपला जोडलेली ट्रान्झिस्टरांची जोडी, याने फरक पडत नाही. गरिबाच्या हायब्रिडला यामुळे श्रीमंताच्या उपकरणात दार मिळाले. सत्तर वर्षांपूर्वी फिलब्रिकच्या आठ पिनांनी जे केले होते तेच पुन्हा घडले.

स्वस्त म्हणजे फुकट नव्हे, हेही नोंदवतो. चिप काही दहा-वीस रुपयांची, ट्रान्झिस्टर त्याहून स्वस्त. वेळ जातो तो जोड्या जुळवण्यात आणि तपासण्यात. महाग मॉड्यूलच्या किमतीत हे श्रम धरलेले असतात आणि ते मोजायचे नाहीत असे ठरवले तरच घरचे काम 'नगण्य खर्चात' होते.

मित्राचे काय झाले, ते विचाराल. त्याने आठाऐवजी दोनच महाग मॉड्यूल मागवली, संथ आलाप आणि कुजबुजत्या अभिवाचनासाठी, जेथे खरखरीचा फरक कानाला कळतो. उरलेल्या सहा जागांसाठी आम्ही दोघांनी ५५३४ आणि बीडी१३९-बीडी१४० या कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या जोडीचे हायब्रिड बांधले. पाच पहिल्याच दिवशी चालले. सहाव्यातून आवाज स्वच्छ येत होता, पण ट्रान्झिस्टरांवर बोट ठेवता येईना इतके ते तापले. ऑसिलोस्कोप लावल्यावर दिसले की ते कानाच्या पल्याड कुठेतरी मेगाहर्ट्झमध्ये गात होते. पुरवठ्याचा छोटा कपॅसिटर मी चिपपासून चार बोटे दूर लावला होता. तो उचलून पिनांना अगदी खेटून सोल्डर केला, तेव्हा थांबले.